आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

कोकणातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. माडावरून पडून मान मोडलेला पस्तिशीचा तरुण दीड वर्षापासून खाट आणि व्हीलचेअर यांच्यामध्ये अडकलेला आहे. छातीच्या खाली त्याला काही कळत नाही, काही हलत नाही. लघवीसाठी नळी घातलेली आहे. दुपारचं जेवण झालं, भावानं त्याला खाटेवर घेतलं, पांघरूण घातलं. अर्ध्या तासात तो ओरडायला लागला, "आई, डोकं फुटतंय गं!" चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, नाक चोंदलेलं. आई हातातलं काम टाकून आली. तिनं कपाळाला बाम चोळला. उशी काढून त्याला सपाट निजवलं. खिडकी लावून अंधार केला, पंखा मोठा केला. धाकट्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणली. "ऊन बाधलं असेल. पड जरा शांत."

मायेपोटी केलेल्या या पाच गोष्टींपैकी चार निरुपयोगी होत्या आणि एक घातक. घातक ती सपाट निजवण्याची. कारण दुखणं डोक्यात नव्हतंच. पांघरुणाखाली, मांडीच्या भाराखाली, लघवीची नळी दुमडली होती. पिशवीत थेंब उतरत नव्हता, मूत्राशय तट्ट फुगलं होतं आणि रक्तदाब मिनिटामिनिटाला चढत होता. नळी सरळ केली असती, तर त्या घरातली डोकेदुखी बहुधा दहा मिनिटांत उतरली असती. नाही केली, तर अशा वेळी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, झटके येऊ शकतात, डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरू शकतं, माणूस जाऊही शकतो.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपण बावळटपणाला हसण्यासाठी वापरतो. पण इथं बंब नेणाऱ्यांचा दोष नाही. आगीनंच पत्ता चुकीचा दिला होता. या विकाराचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. रुग्णांच्या आणि फिजिओथेरपिस्टांच्या बोलण्यात नुसतं 'एडी'. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूला मार लागलेल्यांपैकी, निरनिराळ्या पाहण्यांनुसार, निम्म्यापासून नव्वद टक्क्यांपर्यंत लोकांना तो कधी ना कधी गाठतो. मज्जारज्जू पुरता निकामी झाला असेल, तर शक्यता अधिक.

चावीवाल्याची गोष्ट

नळाचं पाणी ठरावीक वेळेला येणाऱ्या गावांत एक महत्त्वाचा माणूस असतो: लोखंडी चावी घेऊन गल्लीच्या तोंडाशी वॉल्व्ह फिरवणारा चावीवाला. एका भागाचा वॉल्व्ह त्यानं बंद केला की दुसऱ्या भागात दाब वाढतो. आपल्या शरीरातही असे चावीवाले आहेत. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना वेढून असलेले बारीक मज्जातंतू वाहिन्या आवळतात किंवा सैल सोडतात. हे सगळं आपल्याला न विचारता चालतं, म्हणून या व्यवस्थेला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. मुख्य कचेरी मेंदूच्या तळाशी आणि तिथून खाली जाणारी फोनची तार म्हणजे मज्जारज्जू.

या गावातला सगळ्यात मोठा वॉल्व्ह पोटात आहे. आतडी, यकृत, प्लीहा यांच्या रक्तवाहिन्यांत प्रचंड रक्त मावतं. त्या वॉल्व्हवर हुकूमत चालवणारे तंतू मज्जारज्जूतून साधारण छातीच्या पाचव्या ते नवव्या पातळीवर बाहेर पडतात. म्हणूनच डॉक्टर 'छातीचा सहावा' ही रेषा आखतात. संवेदनेच्या नकाशावर ही पातळी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी येते. इजा त्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल, तर पोटातला मोठा वॉल्व्ह मुख्य कचेरीच्या हातातून गेलेला असतो. इजा त्याहून बरीच खाली, म्हणजे कमरेत असेल, तर एडीची भीती जवळपास नसते. अधल्यामधल्या पातळ्यांवर तो क्वचित आणि सौम्य दिसतो.

आता मूत्राशय फुगलं की काय होतं ते पाहू. मूत्राशयापासून मज्जारज्जूपर्यंतच्या तारा शाबूत असतात. 'इथं तणाव आहे, काहीतरी करा' ही तक्रार त्या मज्जारज्जूत पोचवतात. तक्रार वर चढते आणि इजेच्या जागी अडते. मेंदूला कळत नाही, म्हणून माणसाला दुखत नाही. पण वाटेतल्या चावीवाल्यांच्या कानावर ती पडलेली असते. वरून हुकूम नाही, आवरणारं कोणी नाही. ते आपल्या अकलेप्रमाणे सगळे वॉल्व्ह आवळून टाकतात. पोटातल्या, पायांतल्या, कातडीतल्या वाहिन्या एकदम आकसतात, तिथलं रक्त वरच्या अंगाला ढकललं जातं आणि दाब भडकतो.

मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाबमापक असतात. ते कचेरीला खबर देतात. कचेरी खडबडून जागी होते आणि आपल्या हातात उरलेल्या दोनच गोष्टी करते. पहिली, पंप मंद करते. हृदयाकडे जाणारी एक नस मज्जारज्जूला वळसा घालून थेट मेंदूतून निघते, ती शाबूत असते, म्हणून नाडी बऱ्याचदा संथ होते. दुसरी, वरच्या भागातले नळ पूर्ण उघडते, म्हणून चेहरा आणि मान लाल होते, नाक चोंदतं. तिसरा हुकूमही ती सोडते, 'पोटातला वॉल्व्ह सैल करा'. तो तुटलेल्या तारेच्या टोकाशी जाऊन थांबतो. खाली कोणाला काही ऐकू येत नाही.

थोडक्यात, लुळं पडलेलं अंग मुकं असतं हा आपला समज खोटा आहे. त्याला दुखणं सांगता येत नाही एवढंच. ते बीपीच्या भाषेत बोलतं.

इस्पितळात असताना हा विकार बहुतेकदा दिसत नाही, हीदेखील एक अडचण. मार लागल्यानंतर काही दिवस ते काही आठवडे इजेखालचा मज्जारज्जू सुन्न पडतो. त्या काळात हे चावीवालेही झोपलेले असतात. ते जागे होतात तोवर रुग्ण घरी आलेला असतो. म्हणजे पहिला झटका डॉक्टरसमोर कमी आणि आईसमोर जास्त येतो.

एकशेपस्तीसचा फसवा आकडा

ओळखायचं कसं? अंगाचे दोन भाग दोन वेगळ्या ऋतूंत असल्यासारखे दिसतात. इजेच्या वर उन्हाळा: ठणकणारी डोकेदुखी, लाल चेहरा, घाम, चोंदलेलं नाक, डोळ्यांपुढे धूसर किंवा ठिपके, छातीत धडधड किंवा आवळल्यासारखं. इजेच्या खाली हिवाळा: फिकट, गार कातडी, अंगावर काटा. त्याच्या जोडीला एक विचित्र बेचैनी. 'काहीतरी वाईट होणार आहे' असं रुग्ण म्हणतो आणि घरच्यांना तो उगाच घाबरलाय असं वाटतं. सगळी लक्षणं एकत्र येतीलच असं नाही. काहींना फक्त नाक चोंदून काटा येतो. काहींना काहीच जाणवत नाही, फक्त यंत्रावर आकडा चढलेला दिसतो. त्याला मुका एडी म्हणता येईल.

आणि तो आकडाच फसवतो. मान किंवा वरची छाती दुखावलेल्या माणसाचं नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० च्या आसपास असतं. आपल्या मनात मात्र १२०/८० हा आकडा शाळेपासून कोरलेला आहे. अशा रुग्णाला घेऊन तुम्ही दवाखान्यात गेलात, यंत्रानं १३५ दाखवलं, तर समोरचा सहज म्हणेल, "बीपी उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका." पण ज्याचं रोजचं ९५ आहे त्याच्यासाठी १३५ म्हणजे ४० ची उडी. मोठ्या माणसात नेहमीपेक्षा २० ते ४० नं वाढ झाली की एडीचा संशय घ्यायचा. लहान मुलांत १५ ची वाढही पुरे. आणि हा सुरुवातीचा आकडा आहे. कारण सापडलं नाही, तर तो २०० च्या, कधी २५० च्याही पलीकडे जातो.

म्हणून रुग्णाचं नेहमीचं बीपी माहीत नसेल, तर झटक्याच्या वेळचं बीपी मोजून फारसा उपयोग नाही. ते घरात बऱ्या दिवशी, बसलेलं असताना आणि पडलेलं असताना, चार-सहा वेळा मोजून वहीत लिहून ठेवायला हवं.

दोन युद्धं आणि एक मूत्राशय

हे कोडं सुटायला दोन महायुद्धं लागली. १९१७ मध्ये हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरांनी 'ब्रेन' या नियतकालिकात पाठीच्या कण्यात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागलेल्या सैनिकांची निरीक्षणं मांडली. या माणसांचं मूत्राशय भरलं की त्यांना वरच्या अंगाला भरमसाट घाम सुटतो, हे त्यांनी टिपलं. पण त्या काळी असे बहुतेक सैनिक लघवीचा जंतुसंसर्ग आणि पाठीवरच्या जखमा यांनी थोड्याच काळात जात. मरणाच्या दारातल्या माणसाच्या घामाचा विचार करायला फुरसत कोणाला होती?

दुसऱ्या युद्धात हे बदललं. नाझी जर्मनीतून परागंदा होऊन १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू मज्जाशल्यविशारद लुडविग गुटमन यांनी १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडव्हिल इस्पितळात कण्याच्या जखमींसाठी विभाग उघडला. त्यांची रीत कडक होती: रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, मूत्राशय जंतूविरहित ठेवायचं, माणसाला कामाला लावायचं. रुग्ण जगू लागले आणि जगणाऱ्यांचे प्रश्न दिसू लागले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांच्यासोबत गुटमननी रुग्णांच्या मूत्राशयात मोजून द्रव सोडला आणि त्याच वेळी बीपी, नाडी, हातापायांच्या बोटांतला रक्तप्रवाह यांची नोंद घेतली. १९४७ मध्ये, पुन्हा 'ब्रेन'मध्येच, त्यांनी दाखवून दिलं की छातीच्या वरच्या पातळीवर इजा असलेल्यांत मूत्राशय ताणलं की पायाच्या बोटांतल्या वाहिन्या आकसतात, चेहऱ्याच्या फुलतात, नाडी मंदावते आणि बीपी भयंकर चढतं. खालच्या पातळीवर इजा असलेल्यांत तसं होत नाही. चावीवाल्याची सगळी गोष्ट त्या निबंधात आहे.

याच गुटमननी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, इस्पितळाच्या आवारात सोळा जखमींची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिचा वेल पुढे पॅरालिंपिकपर्यंत गेला आणि त्याच मांडवावर १९७२ मध्ये हायडेलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. १९६५ मध्ये एव्हरेस्ट सर करून त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागलेले मेजर हरिपाल सिंह अहलुवालिया यांच्यावरही स्टोक मँडव्हिलमध्ये उपचार झाले. त्यातूनच पुढे दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं राहिलं. जायबंदी जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. अशा ठिकाणी एडी हा शब्द वॉर्डबॉयलाही ठाऊक असतो. पण आपल्याकडे कण्याला मार लागतो तो माडावरून, विहिरीत सूर मारताना, दुचाकीवरून, दहीहंडीच्या वरच्या थरावरून. आणि बरं होऊन माणूस परततो तो तालुक्याच्या गावी. तिथं हा शब्द त्याच्या घरच्यांनाच सांभाळावा लागतो.

आधी बसवा

संशय आला की पहिलं काम एकच: रुग्णाला ताठ बसवा आणि पाय खाली सोडा. खाटेचं डोकं उंच करा किंवा पाठीशी उशा लावा. उभ्या अंगात रक्त आपसूक खाली उतरतं आणि मेंदूवरचा भार कमी होतो. व्हीलचेअरवर असेल तर तिथंच राहू द्या, खाटेवर निजवण्याची घाई करू नका. चक्कर आलेल्या माणसाला आडवं करायची आपली जन्माची सवय इथं अगदी उलटी करायची.

दुसरं, जे जे घट्ट आहे ते सैल करा: पट्टा, पायजम्याची नाडी, पोटाचा बेल्ट, पायमोजे, बूट, लघवीची पिशवी पायाला बांधणारा पट्टा. एक जण हे करत असताना दुसऱ्यानं बीपी मोजावं आणि मग दर दोन ते पाच मिनिटांनी मोजत राहावं.

तिसरं, मूत्राशय. एडीच्या दहा झटक्यांतल्या सात-आठ झटक्यांचं मूळ तिथं असतं, म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा. नळी आत असेल तर मूत्रमार्गापासून पिशवीपर्यंत बोटांनी तपासत जा. कुठं दुमडली आहे का, अंगाखाली दबली आहे का, पिशवी गच्च भरली आहे का, चिमटा लावून काढायचा राहिला आहे का? सगळं सरळ आहे आणि तरीही लघवी येत नाही, तर नळीत गाळ किंवा गाठ अडकलेली असू शकते. ज्यांना शिकवलेलं आहे त्यांनी शरीराइतकं कोमट, निर्जंतुक सलाईन फक्त १० ते १५ मिली हलक्या हातानं आत सोडून पाहावं. तेवढ्यानं मोकळी झाली नाही, तर नळी बदलायची. पोटावर दाबून किंवा थापटून लघवी काढायचा प्रयत्न मात्र करू नये, त्यानं बीपी आणखी भडकतं. नळी नसेल आणि ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढण्याची सवय असेल, तर वेळ झाली नसली तरी आत्ताच काढायची. हाताशी लिग्नोकेन जेली असेल तर ती आधी मूत्रमार्गात सोडून दोन मिनिटं थांबावं, कारण नळी घालण्याचा त्रासही तीच तक्रार खाली उठवतो.

चौथं, आतडं. मूत्राशय मोकळं होऊनही आकडा उतरत नसेल, तर गुदाशयात शौचाचा खडा अडकलाय का हे पाहायचं. इथं घाई केली तर फसगत होते. बोटानं खडा काढताना गुदाशय ताणलं जातं आणि बीपी आणखी चढतं. म्हणून वरचं बीपी १५० च्या खाली असतानाच हे करायचं, आधी लिग्नोकेन जेली भरपूर लावायची, ती भिनायला काही मिनिटं द्यायची आणि मग हलकेच तपासायचं. काढताना डोकेदुखी वाढली तर हात तिथंच थांबवायचा. घाईघाईनं एनिमा देणं हा तर आगीत तेल ओतण्याचा प्रकार.

आणि वरचं बीपी १५० किंवा त्याहून जास्त असेल तर? शोध चालू ठेवतानाच ते औषधानं उतरवावं लागतं. यासाठी लवकर चढणारी आणि लवकर उतरणारी औषधं वापरतात: चावून गिळायची निफेडिपिन, कॅप्टोप्रिल, किंवा इजेच्या वरच्या कातडीवर लावायचं नायट्रोग्लिसरीनचं मलम. मलमाची सोय अशी की आकडा उतरला की ते पुसून टाकता येतं. यांतलं कोणतं, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं असलं पाहिजे. वयस्कर आणि हृदयरोगी माणसांत ही औषधं जपून द्यावी लागतात. आणखी एक प्रश्न लाज बाजूला ठेवून विचारायचा: लैंगिक ताकदीची गोळी घेतली होती का? गेल्या चोवीस तासांत सिल्डेनाफिल किंवा दोन दिवसांत टाडालाफिल घेतलेली असेल, तर नायट्रोग्लिसरीन जातीचं औषध चालत नाही. दोन्ही मिळून बीपी धोकादायकरीत्या कोसळतं.

कारण सापडलं नाही, आकडा उतरला नाही, औषध द्यावं लागलं, नजर गेली, बोलणं अडखळलं किंवा स्त्री गरोदर असेल, तर १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिकेतही त्याला बसवूनच न्यायचं. आणि सगळं शांत झालं, तरी किमान दोन तास बीपीवर नजर ठेवायची. नळी मोकळी झाल्यावर आकडा एकदम फार खालीही जातो, तेव्हा मात्र आडवं करायचं असतं. शिवाय औषधानं झाकलेलं कारण औषध उतरलं की परत डोकं वर काढतं.

न दुखणाऱ्या जखमा

मूत्राशय आणि आतडं यांच्यात बहुतेक झटक्यांचा उलगडा होतो. उरलेल्यांसाठी पायाच्या नखापासून छातीपर्यंत गुप्तहेरासारखं हिंडावं लागतं. आत वाढलेलं अंगठ्याचं नख. माकडहाडावरचा शय्याव्रण. व्हीलचेअरवर तासभर अंगाखाली राहिलेला मोबाइल किंवा मागच्या खिशातलं पाकीट. पायजम्याच्या शिवणीचा चुरगळा. गरम पाण्याच्या पिशवीनं किंवा उन्हात तापलेल्या लोखंडी खुर्चीनं मांडीला बसलेला चटका. अंथरुणात शिरलेल्या लाल मुंग्या. पाय उचलताना कधीतरी मोडलेलं आणि कोणालाच न कळलेलं हाड. मूतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग, पित्ताशयाचा खडा, अपेंडिक्स. पाळी. शरीरसंबंध. धडधाकट माणूस ज्या ज्या गोष्टीला 'आई गं' म्हणेल, ती प्रत्येक गोष्ट इथं संशयित.

यावरून डॉक्टरांनीही ध्यानात ठेवण्यासारखी एक गोष्ट निघते. "याला तिथं काही कळतच नाही, मग भूल कशाला?" असं म्हणून नख काढणं, जखम खरवडणं किंवा मूत्राशयात दुर्बीण घालणं धोक्याचं आहे. कळत नाही ते माणसाला. खालच्या चावीवाल्यांना सगळं कळतं. भूल द्यायची ती त्यांना.

बाळंतपणात हे सगळ्यात ठळक दिसतं. कण्याला इजा झालेल्या स्त्रीला मूल होऊ शकतं, पण कळा जाणवतीलच असं नाही. कधी कधी कळा सुरू झाल्याची पहिली खूण म्हणजे थांबून थांबून ठणकणारं डोकं. बीपी चढलं की गरोदरपणातल्या नेहमीच्या बीपीच्या विकाराचा, प्रीएक्लॅम्प्सियाचा, संशय येतो. फरक असा की एडीमध्ये आकडा कळेबरोबर चढतो आणि कळ सरली की उतरतो. उपायही वेगळा: कमरेतून दिलेली एपिड्युरल भूल तक्रार मज्जारज्जूतच अडवते. म्हणून अशा बाईच्या नावानोंदणीच्या वेळीच भूलतज्ज्ञाशी गाठ घालून द्यायला हवी.

शर्यतीसाठी पेटवलेली आग

ज्या आगीपासून एवढं जपायचं, ती काही जण मुद्दाम लावतात. मान दुखावलेल्या खेळाडूची अडचण अशी की हृदयाचा वेग वाढवणाऱ्या तंतूंवर मेंदूची हुकूमत राहत नाही, त्यामुळे कितीही जोर लावला तरी नाडी एका मर्यादेपुढे जात नाही. एडी आला की बीपी चढतं, स्नायूंना रक्त अधिक मिळतं. म्हणून काही व्हीलचेअर खेळाडू शर्यतीआधी नळी चिमट्यानं बंद करतात, पायाचे पट्टे करकचून आवळतात किंवा न जाणवणाऱ्या अंगाला इजा करून घेतात. याला 'बूस्टिंग' म्हणतात. १९९४ च्या एका कॅनडियन प्रयोगात कामगिरी सुमारे दहा टक्क्यांनी सुधारलेली दिसली. ज्या खेळात सेकंदाच्या अंशावर पदक ठरतं तिथं हे केवढं तरी मोठं घबाड. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीनं या प्रकारावर बंदी घातली आहे. शर्यतीआधी बीपी मोजतात आणि मर्यादेपुढे असेल तर खेळू देत नाहीत. तरीही २००८ च्या बीजिंग स्पर्धांच्या सुमारास घेतलेल्या पाहणीत, उत्तर दिलेल्यांपैकी सहातल्या एकानं हे केल्याची कबुली दिली होती. पदक मिळेल न मिळेल, मेंदूतली वाहिनी मात्र पंचांच्या शिट्टीची वाट पाहत नाही.

खिशातला कागद

एडी टाळण्याची युक्ती कंटाळवाणी आहे, पण तीच खरी. लघवीचं वेळापत्रक, नळीची ठरल्या दिवशी बदली, ठरल्या वेळी शौच, रोज रात्री आरसा धरून पाठ, नितंब आणि टाचा पाहणं, नखं सरळ कापणं. खाटेवर निजवलं की पांघरूण घालायच्या आधी नळीवरून एकदा हात फिरवणं. सुरुवातीच्या त्या घरात एवढं एकच राहून गेलं होतं.

आणि एक कागद. परदेशातल्या संस्था रुग्णांना पाकिटात मावणारं छापील कार्ड देतात. आपण ते घरी वहीच्या पानावर करू शकतो. वर ठळक अक्षरांत 'मला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो, हा तातडीचा प्रसंग आहे'. खाली इजेची पातळी, नेहमीचं बीपी, याआधी कशानं झटका आला होता, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध. त्याखाली तीन आज्ञा: बसवा, सैल करा, नळी पाहा. मराठीत एक, इंग्रजीत एक, कारण कॅज्युअल्टीतला रात्रपाळीचा तरुण डॉक्टर कुठलाही असू शकतो. त्याला हा विकार पुस्तकात एकदा भेटलेला असतो, तुम्हाला घरात दहा वेळा. म्हणून तिथं दबून उभं राहू नका. "डॉक्टर, याचं रोजचं बीपी पंचाण्णव असतं, आता एकशेपन्नास आहे, आम्ही नळी पाहिली, मोकळी आहे," असं एका दमात सांगणारी आई त्या घडीला त्या खोलीतली सगळ्यात मोठी तज्ज्ञ असते.

तुमच्या घरात असा कोणी असेल, तर पान उलटण्याआधी पेन्सिल घ्या. या पानाच्या समासात दोन गोष्टी लिहा: मार कुठल्या मणक्याशी आहे आणि बऱ्या दिवशी वरचं बीपी किती असतं. दुसरी लिहिता आली नाही, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि यंत्र शोधा. प्रकरण तिथून पुढे सुरू होतं.